चौदा मिलीमीटरची भिंत

आमच्या सासूबाईंना बीपी निघालं आणि शिक्षा मला झाली. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातल्या आमटीची चवच गेली. पापड बंद, लोणचं बंद, भाजीत मीठ चिमटीने. नवरा ऑफिसच्या कँटीनमध्ये काय वाटेल ते चापून यायचा आणि घरी माझ्या आमटीला नाक मुरडायचा. माझी नणंद, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, डोंबिवलीला राहायची. दर रविवारी तिचा फोन. "तुझा हात मिठाला आधीपासूनच सढळ. म्हणूनच आईला हे झालं." मी फोनवर "हो ताई, हो ताई" करायचे आणि रिसीव्हर ठेवला की कपाटाचं दार आपटायचे. चार वर्षं मी त्या घरात आळणी स्वयंपाक केला. चार वर्षं! एखाद्या आश्रमात राहिले असते तर निदान पुण्य तरी लागलं असतं.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो होतो. हाटकेशच्या बाजूला, कारखान्यांच्या गाळ्यांपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. लिफ्ट नाही. सकाळी सातला मी घर सोडायचे, साडेसातला हे. संध्याकाळपर्यंत घरात आई एकट्या. सासूबाईंना मी आईच म्हणायचे, अहो-जाहो करून. बाई स्वभावाने गरीब, पण मनात एकदा काही धरलं की धरलं. तुम्ही कितीही डोकं आपटा.

बीपीची गोळी आमच्याच बिल्डिंगखालच्या गाळ्यातल्या डॉक्टरांनी दिली होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मला सुट्टी असली की, मी आईंना खाली घेऊन जायचे. डॉक्टर दंडाला पट्टा बांधायचे, फुगा दाबायचे, पारा बघायचे आणि म्हणायचे, "एकशे तीस, पंच्याऐंशी. व्हेरी गुड, आजी!" आई पहिला नंबर आल्यासारख्या माझ्याकडे बघायच्या. मलाही बरं वाटायचं. चला, आळणी आमटीचं सार्थक झालं.

मग एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की भाजी घेऊन वर येताना आई दुसऱ्या मजल्यावर थांबतात. तिथे एक गुजराती मावशी राहायच्या. त्यांचं दार उघडं असो की बंद, आई तिथे उभ्या राहून काहीतरी विचारणारच. "क्या बनाया आज?" आधी मला वाटलं, गप्पांची हौस. मग एकदा मी मागून येत होते तेव्हा दिसलं, की दार बंद आहे, मावशी घरात नाहीत आणि आई कठड्याला धरून तोंडाने श्वास घेताहेत. मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणे, "कुठे काय? चप्पल टोचतेय."

चप्पल म्हणे! मी त्याच पावली त्यांना खाली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला, कागदाची पट्टी दोनदा वरखाली केली आणि पहिल्यांदाच "व्हेरी गुड" म्हणाले नाहीत. "ह्या रेघा जरा उंच येताहेत. टू-डी इको करून घ्या. हृदयाची सोनोग्राफी असते, दुखत नाही काही."

दुखत नाही हे खरं, पण ती होईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. भाईंदर पश्चिमेला एका सेंटरमध्ये इकोचं मशीन होतं आणि ते चालवणारे हार्टचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चारनंतर यायचे. म्हणजे मला हाफ डे. पहिल्या मंगळवारी गेलो तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. "आंटी, नेक्स्ट टाइम फोन करके आना," काउंटरवरची मुलगी म्हणाली. फोन कोणी उचलत असेल तर ना! शुक्रवारी गेलो, डॉक्टर होते, आमचा नंबर तिसरा होता आणि बरोबर पावणेपाचला लाइट गेले. लोडशेडिंग. जनरेटरवर दिवे लागायचे, पंखे लागायचे, पण मशीन लावत नव्हते, बिघडेल म्हणून. दीड तास बसून परत आलो. रिक्षात आई म्हणाल्या, "देवाच्याच मनात नाही ग. राहू दे." मी म्हटलं, "देवाच्या मनात काय आहे ते मशीनमध्ये बघूनच ठरवू." पुन्हा मंगळवार, पुन्हा हाफ डे. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही करताना माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हार्टचं दुखणं मलाच झालंय.

तिसऱ्या खेपेला आत घेतलं. अंधारी खोली, एक अरुंद पलंग, त्याच्याशेजारी ते मशीन. डॉक्टर पुरुष म्हटल्यावर आईंचा जीव कानकोंडा. ब्लाउजची बटणं काढायची म्हणाले तर दोन्ही हातांनी पदर धरून बसल्या. शेवटी मीच त्यांच्या आणि दाराच्या मध्ये आडवी उभी राहिले. डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर थंडगार जेल लावलं आणि डॉक्टरांनी तो दांडा फासळ्यांच्या मध्ये दाबला.

आणि पडद्यावर आईंचं हृदय दिसायला लागलं. काळं-पांढरं, धुरकट. मला वाटलं होतं चित्रातल्यासारखं लाल बदामाच्या आकाराचं काहीतरी दिसेल. हे म्हणजे एक पोकळी, मिटतेय आणि उघडतेय, मिटतेय आणि उघडतेय, आणि मध्ये एक झडप सारखी फडफडतेय. ह्या बाईशी मी पंधरा वर्षं एका घरात भांडतेय आणि आज हिचं काळीज बघतेय, असं मनात आलं. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी चित्र थांबवलं, भिंतीच्या एका कडेला एक फुली ठेवली, दुसऱ्या कडेला दुसरी. कोपऱ्यात आकडा आला.

"चौदा मिलीमीटर," ते म्हणाले. "अकराच्या आत पाहिजे."

"म्हणजे काय हो?"

"भिंत जाड झालीय. बीपी जास्त असलं की हृदयाला दर ठोक्याला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. व्यायामाने पहिलवानाचे दंड फुगतात ना, तसा हा स्नायू फुगतो. फक्त दंड फुगलेले चांगले, हे चांगलं नाही. जाड झालं की कडक होतं, सैल पडत नाही, मग रक्त नीट भरत नाही आणि जिना चढताना दम लागतो. असंच चालू राहिलं तर पुढे हार्ट थकतं." आईंनी मान वळवून पडद्याकडे बघायचा प्रयत्न केला. "हलू नका, आजी. बीपी किती वर्षं कंट्रोलमध्ये नाहीये?"

मी म्हटलं, "अहो, कंट्रोलमध्येच आहे. दर महिन्याला बघतो आम्ही. एकशे तीसच्या वर कधी नसतं."

डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "पट्टा बांधून जे कळतं ते त्या मिनिटाचं. ही भिंत वर्षांची असते. एका दिवसात चौदा होत नाही."

मग म्हणाले, गोळी कमी पडतेय, डोस वाढवतो. नियमित घेतली आणि बीपी खरोखर खाली राहिलं तर ही जाडी थोडी उतरू शकते. सहा महिन्यांनी परत इको करू. म्हणजे आता प्रश्न एवढाच होता, की ती भिंत मागे फिरते की पुढे जाते.

रिक्षात बसल्यावर मी आईंना विचारलं. सहज, असंच. "गोळी रोज घेता ना?"

"घेते की."

"रोज?"

"उपास सोडून."

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगणार होते, इतकी उडाले. उपास सोडून! सोमवार, गुरुवार, दोन एकादश्या, संकष्टी, श्रावण अख्खा, नवरात्र. बोटांवर मोजत गेले तर माझी बोटं संपली. "अहो आई, वर्षातले निम्मे दिवस तर तुमचे उपास असतात!" तर त्या बाहेर बघत म्हणाल्या, "उपासाला गोळी कशी चालेल? रिकाम्या पोटी." आणि मला एकदम आठवलं, उपासाच्या दिवशी ही बाई बटाट्याचा कीस खाते, त्यात वर आणखी सैंधव घालते. मी एकदा बोलले होते, तर म्हणे सैंधव म्हणजे मीठ नव्हे, ते उपासाचं असतं. कपाळ माझं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी चार वर्षं आमटीच्या मागे लागलेय आणि इकडे एकादशीला बीपीला सुट्टी!

आता मी काय करायला हवं होतं? रिक्षा वळवून डॉक्टरांना सांगायला हवं होतं, की गोळी कमी पडत नाहीये, गोळी पोटात जातच नाहीये. नाही सांगितलं. लाज वाटली. शिकलेली, नोकरी करणारी सून घरात असताना सासू उपासाला गोळी घेत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? ह्यांना सांगितलं तर हे पेपर खाली न करता म्हणाले, "मग तू दे ना हातात." ह्यांचा प्रत्येक "मग" माझ्याच गळ्यात.

शेवटी मी नाक्यावरच्या गणपतीच्या देवळातल्या गुरुजींना गाठलं. आईंना पुढे घातलं आणि सरळ विचारलं, "गुरुजी, उपासाला औषध चालतं का?" गुरुजी भला माणूस. म्हणाले, "औषधाला उपास आडवा येत नाही, आजी. देह राहिला तर देव." आईंनी हात जोडले. घरी येताना मला म्हणाल्या, "आता काही प्रश्नच नाही." मी खूश. दर महिन्याला हे नव्या डोसच्या पट्ट्या आणत होते, मी डब्यात ठेवत होते. सकाळी निघताना दारातून ओरडायचे, "आई, गोळी!" आतून आवाज यायचा, "हो, घेते ग!" खालचे डॉक्टर शनिवारी पट्टा बांधून "व्हेरी गुड" म्हणत होतेच.

सहा महिन्यांनी परत इको. ह्या वेळी एका खेपेत झाला, लाइट होते, डॉक्टर होते, सगळं होतं. तीच अंधारी खोली, तेच जेल. फुली, दुसरी फुली. चौदा. डॉक्टरांनी आणखी कुठेतरी फुल्या ठेवल्या, जिभेने च्च केलं. "भिंत तशीच आहे. आणि आता वरचा डावा कप्पाही ताणलाय. म्हणजे मागे प्रेशर जातंय." मला म्हणाले, "हे बरोबर नाही वाटत. एवढ्या डोसवर काहीतरी फरक दिसायला पाहिजे. शुक्रवारी सगळी औषधं घेऊन या. पट्ट्यांसकट."

त्या दिवशी घरी आलो. मी चपला काढल्या त्या कोपऱ्यात फेकल्या आणि औषधांचा डबा काढला. त्यात एकच पट्टी. बाकीच्या रिकाम्या पट्ट्या टाकून दिल्या असणार म्हणून केराची पिशवी बघितली. मग का कोण जाणे, देव्हाऱ्याखालचा खण ओढला. उदबत्तीच्या पुड्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून नीट ठेवलेल्या पट्ट्या. भरलेल्या. एखाददुसरी गोळी काढलेली, बाकी जशाच्या तशा.

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "हाफ डे काढून काढून माझी रजा संपली! साहेबाचे बोल मी खाते, तुमच्या लेकीचे बोल मी खाते, आळणी गिळते, आणि तुम्ही इथे गोळ्यांची पूजा मांडलीय? गुरुजींनी सांगितलं ना, उपासाला चालते? का आता गुरुजींपेक्षाही तुम्ही मोठ्या? मरायचंय का तुम्हाला? मग सरळ सांगा, मी त्या इकोवाल्याच्या पायऱ्या झिजवत नाही!"

आई पलंगावर बसल्या होत्या. मान खाली. म्हणाल्या, "उपासाचं नाही ग ते."

"मग कसलं?"

"पाण्याचं."

आता इथे मला पाण्याचं सांगायला हवं. आधी सांगितलं नाही, कारण मला स्वतःला त्याचा ह्या सगळ्याशी संबंध आहे हे कधी सुचलंच नव्हतं. आमच्याकडे त्या वर्षांत पाणी एक दिवसाआड यायचं. तेही पहाटे, अर्धा-पाऊण तास. मी साडेचारला उठून दोन ड्रम, चार बादल्या, हंडे-कळशा सगळं भरायचे. मे महिन्यात तर दोन-दोन दिवस नळ नुसता फुसफुसायचा आणि टँकरसाठी सोसायटीत मारामाऱ्या व्हायच्या. फ्लशचा नळ मी बंदच करून टाकला होता. बादलीने पाणी ओतायचं. कुठला ड्रम कशाला, कुठली बादली कोणाची, सगळं ठरलेलं, आणि ठरवणारी मी.

"ती गोळी घेतली की तासातासाला जावं लागतं ग," आई सांगत होत्या. "सकाळी घेतली की दुपारपर्यंत पाच-सहा वेळा. दर वेळी बादली. सुरुवातीला घ्यायचे मी रोज. मग तू एक दिवस संध्याकाळी आलीस, ड्रम बघितलास..."

मला आठवलं. सांगायला नको इतकं स्वच्छ आठवलं. दिवसभर कामाने पिचून आले होते, भांडी घासायला पाणी नव्हतं. मी ड्रमचं झाकण आपटून ओरडले होते, "आई, पुन्हा संपवलंत? घरात बसून दिवसभर करता काय एवढ्या पाण्याचं? मी काय विहीर घेऊन फिरते का?" दार उघडं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनाही ऐकू गेलं असणार. एकदाच बोलले असेन. नाही, खोटं कशाला सांगू? एकदा नाही. तो अख्खा उन्हाळा बोलले, पुढचाही.

"मग मी पाणी यायचं त्या दिवशी घ्यायला लागले," आई म्हणाल्या. "आणि डॉक्टरांकडे जायचं असलं की शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस. उगाच त्यांना वाईट नको वाटायला. आता हा मोठा डोस आला, त्याने तर फारच. तो नाहीच जमला. गोळ्या फेकवत नाहीत ग, म्हणून ठेवल्या."

"अहो, पण मला सांगायचं ना! उपास कशाला सांगितलात?"

"उपास सांगितला की कोणी पुढे विचारत नाही," त्या म्हणाल्या.

मी खाली फरशीवर बसले. चिडायचं होतं, पण कोणावर चिडू ते कळेना. त्यांच्यावर चिडावं तर त्या पाणी वाचवत होत्या, माझं. नळावर चिडावं तर नळाला काय कळतंय? मला सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या आवाजाचा. गल्लीत कोणी भांडण काढलं तर मी खाली न उतरता वरून गप्प करते, असं हे कौतुकाने सांगायचे. तोच आवाज. मी रडायला लागले तर आई उलट मलाच म्हणाल्या, "तू तरी काय करणार होतीस? नव्हतंच ना पाणी." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

शुक्रवारी नणंदबाईही आल्या. "इतकं वाढलंय म्हणजे मी असायलाच पाहिजे," म्हणून खास डोंबिवलीहून. आम्ही तिघी डॉक्टरांसमोर बसलो. मी पिशवीतून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी एक उचलली, दुसरी उचलली आणि चष्मा कपाळावर नेला.

"ह्या तर भरलेल्या आहेत. आजी, का घेतल्या नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "उपास असतात हो माझे. लहानपणापासूनची सवय. चुकलंच माझं."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. अगदी सहज बोलल्या, जराही अडखळल्या नाहीत.

डॉक्टर तापले. "हार्टला उपास असतो का, आजी? ते एक दिवस बंद पडलं एकादशीला, चालेल?" नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तू पण ना! कमाल आहे!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू ग? रोज घरात असून तुला कळू नये?" आईंची मान खाली, पण चेहरा शांत. एखादं काम उरकल्यावर असतो तसा. डॉक्टरांनी पॅड ओढलं. "आता उपास-तापास बंद. हीच गोळी, हाच डोस, रोज सकाळी. सुनेने समोर उभं राहून द्यायची. नाहीतर पुढच्या इकोला मी जबाबदार नाही." आणि लिहायला लागले.

मी त्या पेनकडे बघत होते. मनात आलं, झालं, सुटले. उपासावर निभावलं. ताईंना काही कळणार नाही, ह्यांना कळणार नाही. घरी गेल्यावर मी पाण्याचं बघेन, दोन ड्रम जास्त भरेन, पहाटे तीनला उठेन. पण दोन ड्रम ठेवायचे कुठे? आणि नळाला पाणीच आलं नाही त्या दिवशी काय? त्या दिवशी ही बाई पुन्हा तीच गोळी खणात ठेवणार आणि मी दारातून ओरडणार, "आई, गोळी!" आणि ती आतून म्हणणार, "हो, घेते ग!" डॉक्टरांची सही व्हायच्या बेतात होती.

"उपास नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "त्या माझ्यामुळे घेत नाहीत."

मी सांगून टाकलं. गोळीने सारखं जावं लागतं, आमच्याकडे पाणी नसतं, मी त्यांना पाण्यावरून बोलते, वाट्टेल ते बोलते, म्हणून त्यांनी गोळी सोडली. नणंदेकडे बघायची माझी हिंमत नव्हती. टेबलावरच्या हृदयाच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत सगळं बोलले.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"ह्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. म्हणून होतं ते. मग ही नको." त्यांनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली दुसरं नाव लिहिलं. "हिने तसा त्रास होत नाही. आधी सांगितलं असतं तर आधीच बदलली असती. दम वाढला किंवा पायांना सूज आली तर मात्र लगेच यायचं."

अर्धं मिनिट लागलं असेल. एक रेघ, एक नाव, खाली तारीख. मला वाटलं, तो कागद फाडून टाकावा. चार वर्षं आळणी, पाच हाफ डे, दोन इको, गुरुजी, नाक्यावरचा गणपती, आणि उपाय काय तर गोळी बदला! खालच्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, की आजी, गोळीचा काही त्रास होतो का? ह्या डॉक्टरांनीही विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं? मी फक्त "गोळी!" म्हणून ओरडत राहिले.

"ती भिंत येईल का हो मागे?" मी विचारलं.

"थोडी येईल. जे कडक झालंय ते पूर्ण सैल होणार नाही," ते म्हणाले. पुढचं आत्ताच सांगून टाकते: वर्षाने तिसरा इको केला तेव्हा आकडा तेरा आला, आणि डॉक्टर म्हणाले की एवढा फरक मोजण्यातसुद्धा पडतो. आई पुढे बरीच वर्षं राहिल्या, पण दुसऱ्या मजल्यावर थांबणं शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्या शुक्रवारी बाहेर आलो तर नणंदेने माझ्याकडची चिठ्ठी हातातून ओढून घेतली आणि तडक समोरच्या केमिस्टकडे गेली. आई बाकावर बसून चपला घालत होत्या. मी खाली बसून पट्टा लावायला घेतला. लेक रस्त्यापलीकडे पोचलीय ना, हे त्यांनी मान उंच करून बघून घेतलं आणि मग माझ्यावर दबक्या आवाजात खेकसल्या, "कशाला बोललीस? मी निभावून नेलं होतं ना सगळं!"